घराचा आवाज

"…आणि जे कानावर आलंच नाही, आक्का, त्याचा दोष कानाला लागतो का?"

आक्का वाती वळत होत्या. तळहातावर कापूस, त्यावर दुसऱ्या तळहाताची एक हलकी ओढ, की वात तयार. त्यांनी मान वर केली नाही.

विश्वंभर थोडा थांबला. घसा खाकरला.

"मी आपला तत्त्वाचा प्रश्न विचारतोय."

"तत्त्वाचा का? मग सावकाश विचार बाबा. माझं पुरण अजून शिजायचंय."

श्रावणातला शुक्रवार होता. मठीच्या भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला, त्याला आघाड्याची आणि दूर्वांची माळ. पोरंबाळं सुखरूप राहावीत म्हणून गावच्या बायका या दिवशी आक्कांकडे जमत, पूजा करत, कहाणी ऐकत. त्यांना यायला अजून अवकाश होता.

मठीला लागूनच पिठाची गिरणी. तिचा पट्टा सकाळपासून थडथडत होता. बाहेर कोंबड्या, पोरं, कुणाच्या तरी सायकलची घंटा…

"दार लावून घेऊ का, आक्का? या गोंगाटात शब्द जुळत नाहीत माझे."

"लाव. मला मेलीला तसंही कमीच ऐकू येतं आता. जवळचं तेवढं कळतं."

त्याने दोन्ही फळ्या लोटल्या, कडी घातली. जुनं सागवानी दार ते. गिरणी एकदम दूर गेली. पोरं नाहीशी झाली. विश्वंभरला बरं वाटलं. असं शांत झालं की त्याला नेहमीच बरं वाटे.

ऐकायला तो याच मठीत शिकला होता.

कॉलेज संपलं, नोकरी लागेना, तेव्हा त्याच्या आईने त्याला आक्कांच्या पायाशी आणून बसवलं होतं. दोन वर्षं त्याने इथे पाणी भरलं, अंगण झाडलं आणि आक्कांना ऐकताना पाहिलं. दुःखाची माणसं येत, खांबाला टेकून बसत, बोलत. आक्का उपदेश असा करतच नसत. कहाणी ऐकताना बायका देतात ना, तसा नुसता हुंकार द्यायच्या. "हूं…" पण असा नेमक्या जागी, की बोलणाऱ्याला पाठीवर हात ठेवल्यासारखं व्हायचं. लोक तेवढ्यासाठी चार-चार गावं ओलांडून येत.

ती विद्या घेऊन तो शहरात गेला आणि तिचं त्याने सोनं केलं. आता तो विश्व सर होता. आयुष्यात कुठेतरी अडलेल्या माणसांना तो पडद्यावरून वाट दाखवी. लोक त्याला कोच म्हणत. दुबईपासून डोंबिवलीपर्यंत त्याची माणसं पसरलेली. घरातल्या एका खोलीला त्याने आतून जाड स्पंज लावून घेतला होता. आत तो, त्याचा माइक आणि समोरच्या चौकोनात एक चेहरा. ऐकणं आपण एका मठीत शिकलो, हे तो प्रत्येक वर्गात अभिमानाने सांगे. आक्कांचं नाव सांगायचं मात्र राहून जाई.

इकडे फिरकायचंही राहून गेलं होतं, कैक वर्षं.

"पडद्यावर माणूस ऐकू येतं का रे नीट?" आक्कांनी विचारलं.

"इथल्यापेक्षा नीट, आक्का. श्वाससुद्धा."

"आणि हुंकार?"

विश्वंभर हसला. "हुंकार नाही द्यायचा तिथे. मी 'हूं' म्हटलं की माझा आवाज मध्ये येतो, समोरच्याचा तुटतो. म्हणून ते बोलत असले की मी माझा माइक बंद ठेवतो. नुसती मान हलवतो."

आक्कांचा हात कापसावर जरासा थबकला.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता तुझं तत्त्व सांग. आणि कहाणी सांगतात तसं सांग, पहिल्यापासून. मला तसंच कळतं."

विश्वंभरने मांडी नीट घातली.

"एक होती रेणुका. तिशीच्या आतली. आडगावात दिलेली. पदरी एक मुलगी, आर्वी, चार वर्षांची. रेणुकाला शिवणाचं दुकान टाकायचं होतं, पण चार माणसांत तोंड उघडायचा धीर होत नव्हता. तिच्या भावाने, गजाननने, कुठूनतरी माझं नाव ऐकलं. त्यानेच तिला माझ्याकडे धाडलं. दर मंगळवारी दुपारी, सासू आडवी झाली की ती मला भेटायची. म्हणजे पडद्यावर."

तो थांबला. कहाणीत जिथे हुंकार यावा, ती ही जागा.

आक्कांनी वळलेली वात ताम्हनात ठेवली. कापूस पुन्हा ओढला.

"फार गुणी, आक्का. सांगेन ते करायची. रोज आरशात बघून स्वतःला शाबासकी द्या म्हटलं, तर द्यायची. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. चांगली बराच वेळ. मी घाई करायचो नाही. गप्प बसण्यातच माणूस वाढतं, असं मी शिकवतो. तिचं ते गप्प बसणं मी माझ्या नव्या विद्यार्थ्यांना रेकॉर्डिंगमध्ये दाखवायचो. बघा, म्हणायचो, शांतता कशी काम करते…"

आक्का गप्प.

"अर्थात, तिला विचारून."

आक्का गप्पच.

"एवढीच एक खोड होती तिला. सारखं विचारायची, सर, ऐकताय ना? सर, ऐकताय ना? मी अंगठा दाखवायचो. मग पुन्हा बोलायची."

बाहेर कडी वाजली.

विश्वंभरला ती ऐकू आली. आक्का मात्र वाती वळत राहिल्या, त्यांना ऐकू गेली नसावी. आता कुठे खरी गोष्ट येत होती. कुणी असेल, येईल पुन्हा. त्याने आवाज थोडा चढवला.

"ज्येष्ठात ती विहिरीत सापडली."

पुरणाच्या पातेल्यावरचं झाकण वाफेने हललं. आक्कांनी हात लांब करून ते जरा सरकवलं.

"पाय घसरला, असं सासरचे म्हणतात. पाणी काढताना. गजानन म्हणतो, घरात नळ असताना माझी बहीण विहिरीवर जाईल कशाला? नवरा हात उचलायचा, असं त्याचं म्हणणं. पण पाहिलंय कुणी? शेजारीपाजारी तोंड उघडत नाहीत. आणि आर्वी अजून त्याच घरात आहे, आक्का. तिला स्वतःकडे आणायला गजानन कोर्टात गेलाय."

कडी पुन्हा वाजली. या वेळी जोरात. मागोमाग लहान मुलाचं रडणं… की गिरणीच्या पट्ट्याचं किरकिरणं? विश्वंभरने एकवार दाराकडे पाहिलं. मग तोंड पुन्हा आक्कांकडे केलं.

"माझ्याकडेही आला होता तो. माझ्या खोलीत बसला. भिंतींच्या स्पंजवरून हात फिरवत म्हणाला, या इथे बसून ऐकायचात तुम्ही तिचं? ती घरात कुणाशी बोलायची नाही, सर. मलासुद्धा सांगायची नाही. तुमच्याशी तासभर बोलायची. तुम्ही तरी सांगा काहीतरी…"

"मग?"

"मी म्हटलं, रेकॉर्डिंगमध्ये जे आहे, तेच मी सांगू शकतो. त्यापलीकडे बोलणं बरोबर नाही."

विश्वंभर जरा पुढे सरकला.

"आता नवऱ्याच्या वकिलाने रेकॉर्डिंग मागितली. दिली मी, सगळी. माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे? त्यात एक भांडण नाही. एक चढा शब्द नाही. मागे भांडं पडल्याचासुद्धा आवाज नाही. वकील म्हणाला, इतकं शांत घर हल्ली बघायला मिळत नाही. लेकीला अशा घरातून हलवायचं कशाला, असं तो कोर्टाला विचारणार. त्याला फक्त एक कागद हवाय माझ्या सहीचा. या रेकॉर्डिंगमध्ये कुठेही वाद ऐकू येत नाही, एवढंच. आज फोन करणार आहे तो."

आक्का वाती वळत होत्या.

"आणि ते खरं आहे, आक्का! अक्षर न् अक्षर खरं. मी खोटं लिहीत नाहीये. मग माझ्या जिवाला असं का लागून राहिलंय? जेवण जात नाही. त्या खोलीत पाऊल टाकवत नाही. म्हणून तुमच्या पायाशी आलो. तुम्ही एकदा म्हणा, विश्वंभरा, तुझा दोष नाही. बस. मी सही करतो आणि सुटतो."

काही नाही.

"आक्का…"

कापूस. ओढ. वात.

"आक्का, ऐकताय ना?"

शब्द तोंडातून गेले आणि विश्वंभर बसल्या जागी गार पडला. ते त्याचे शब्द नव्हते. ज्या सुरात ते निघाले, तो सूरही त्याचा नव्हता.

आक्कांनी पहिल्यांदाच मान वर केली. त्याच्याकडे नीट पाहिलं.

मग उजव्या हाताचा अंगठा वर करून त्याला दाखवला. आणि पुन्हा कापूस हातात घेतला.

*

"भर सणाचं दार लावून बसलात व्हय गं बाई!"

बाहेरून गिरजाबाईंचा खणखणीत आवाज आला, आणि फळ्या थाड थाड हलल्या. विश्वंभरने उठून कडी काढली.

गिरणी आत आली. कोंबड्या आल्या. हातात ताटं घेतलेल्या चार-सहा बायका आल्या. सगळ्यांत मागे पारू, गिरणीपलीकडच्या घरातली. कडेवर तिचं लेकरू. लेकराच्या कपाळाला फडकं बांधलेलं, आणि फडक्यावर लाल ओल.

"आक्का, दोनदा कडी वाजवली मी!" पारू म्हणाली. "गिरणीच्या पायरीवर आपटलं हे. रक्त थांबेना. म्हटलं, आक्कांकडून हळद तरी घ्यावी. उघडलंच न्हाई कुणी."

आक्का काठी टेकत कष्टाने उठल्या. लेकराच्या कपाळावरचं फडकं सोडलं, जखम पाहिली, हळदीची चिमूट दाबली. लेकरू कळवळलं. मग त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून हुंदके देऊ लागलं.

"मला नाही गं ऐकू आलं, बाळे," त्या पारूला म्हणाल्या. "माझे कान गेले आता."

मग विश्वंभरकडे वळल्या.

"तुला रे?"

"मला…" विश्वंभर म्हणाला. "म्हणजे… आपण महत्त्वाचं बोलत होतो, आक्का."

"शहरात कान ठेवून आलाय वाटतं हा," गिरजाबाई म्हणाल्या. बायका हसल्या.

पारू हसली नाही. तिने लेकराला परत आपल्याकडे घेतलं आणि भिंतीशी जाऊन बसली.

पूजा झाली. पुरणाचे दिवे लागले. ज्यांची लेकरं जवळ होती, त्यांनी त्यांना पाटावर बसवून ओवाळलं. पारूने मांडीवर घेऊनच ओवाळलं, हळदीचं कपाळ जपत.

गिरजाबाईंचा लेक दुबईला. त्यांनी फोन तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर लेक आला, म्हणजे त्याचं अर्धं कपाळ आणि वर फिरणारा पंखा.

"अरे खाली घे जरा तो फोन! ओवाळू कुणाला, पंख्याला?"

"आई, घाईत आहे गं, कामावर—"

"तोंड दाखव आधी. वाळलास की रे…"

तोंड दिसलं न दिसलं, तोच ते थिजलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ उघडे. मग पडदा काळा झाला.

"गेला मेला!" गिरजाबाई म्हणाल्या. क्षणभर ताट तसंच हातात राहिलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं, अक्षता मुठीत घेतल्या, मावळतीकडे तोंड केलं आणि उधळल्या. लेकरू परगावी असलं की आया तशाच टाकतात. ज्या दिशेला लेकरू, त्या दिशेला.

"फोन जाईना का," त्या पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "दिशा कुठं जातीय?"

आक्कांनी ताटातल्या चिमूटभर अक्षता उचलल्या आणि विश्वंभरच्या तळहातावर ठेवल्या.

"मला कशाला, आक्का? मला कुठे मूल आहे?"

"त्या आर्वीला आज कोण ओवाळणार?"

विश्वंभरने तळहातावरच्या अक्षतांकडे पाहिलं.

"टाक तिच्याकडे."

तो उभा राहिला. मूठ उचलली. दाराकडे वळला, मग जिवतीच्या भिंतीकडे, मग पुन्हा दाराकडे.

दर मंगळवारी तासभर तो त्या घरात असायचा. भिंतीचा पोपटी रंग त्याला पाठ होता. खिळ्याला लटकणारी शिवणाची टेप पाठ होती. कॅलेंडरवरचा बाळकृष्ण पाठ होता. गावाचं नावही माहीत होतं. पण ते गाव कुठल्या अंगाला, कुठल्या नदीच्या पलीकडे, कुठल्या फाट्यावरून आत… हे त्याने तिला कधी विचारलंच नव्हतं. विचारायचं कारणच पडलं नव्हतं.

"कुठल्या अंगाला रे?" गिरजाबाईंनी विचारलं.

मूठ तशीच हवेत.

"माहीत नाही," विश्वंभर म्हणाला.

या वेळी कुणी हसलं नाही.

तो खाली बसला. अक्षता मुठीतच राहिल्या.

*

"कहाणी व्हायचीय अजून," आक्का म्हणाल्या. "बसा गं बायांनो. आज हा सांगणार आहे. याची मघाशी अर्धीच झाली."

"अर्धी कशी, आक्का? सगळी सांगितली मी."

"पहिल्यापासून सांग म्हटलं होतं. तू मंगळवारपासून सांगितलीस. पहिल्यांदा कधी दिसली तुला ती?"

"ती… ती नुसती ओळखीची भेट असते. ती मी रेकॉर्ड करत नाही."

"ती सांग."

दार उघडं होतं. गिरणी थडथडत होती. बायका अक्षता मुठीत धरून बसल्या होत्या, कहाणीला बसतात तशा.

"त्या दिवशी… तिच्याकडून फार आवाज येत होते. कुकर. कोंबड्या. टीव्ही. ती दुकानाचं सांगत होती. कुठे टाकायचं, पाटी कशी करायची. तेवढ्यात मागून एक पुरुष ओरडला. कुणाशी बोलायलीस गं? मग काहीतरी जोरात आदळलं. मग एक लहान मूल रडायला लागलं."

आक्का त्याच्या ओठांकडे पाहत होत्या.

"ती हसत होती, आक्का. माझ्याकडे बघून. आवाज झाला तरी हसतच राहिली. तशीच…"

पारूने लेकराला जवळ ओढलं.

"मी कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. माझे कान दुखले होते. मी म्हटलं, रेणुकाताई, मागे फार गोंगाट आहे. मला तुमचा आवाज हवा, घराचा नको."

हुंकार आला नाही.

"ती म्हणाली, सॉरी सर. कसा बंद करायचा तो? मग मीच शिकवलं. खाली तीन टिंबं दिसतात, ती दाबा. आजूबाजूचे आवाज गाळायची सोय आहे तिथे, ती चालू करा. मग फक्त तुमचा आवाज माझ्याकडे येईल. तिला ते सापडेना. मी धीराने सांगत राहिलो. सापडलं तेव्हा म्हटलं, शाबास."

त्याने भिंतीवरच्या जिवतीकडे पाहिलं.

"मग सगळं शांत झालं. शेवटपर्यंत शांतच होतं. ती मध्येच गप्प व्हायची ना… त्या वेळी त्या घरात काय चाललेलं असायचं, ते मला कळणार नाही आता. मीच ते गाळून टाकलं होतं. आणि तिला म्हणायचो, वा, किती छान गप्प बसता तुम्ही…"

गिरणीचा पट्टा कुठेतरी अडखळला, पुन्हा लागला.

"हूं," आक्का म्हणाल्या.

हलकाच. नेमक्या जागी. इतक्या वर्षांत विश्वंभर तो विसरला होता. त्याचे खांदे हलू लागले.

भिंतीजवळून अजून एक हुंकार आला. पारूचा. मग गिरजाबाईंचा. मग कुणाकुणाचे.

विश्वंभरच्या खिशात फोन थरथरला.

त्याने काढून पाहिला. पडद्यावर वकिलाचं नाव होतं. थरथर थांबेना. बायका त्याच्याकडे पाहत होत्या, लेकरूही.

"हे मी बोललो तर माझं काही उरणार नाही, आक्का," तो म्हणाला. "माझ्याकडे मग कोण येईल? ज्याने ऐकलं, आणि ऐकून तिलाच ते बंद करायला लावलं, त्याच्याशी कोण बोलेल?"

जिवतीपुढचा दिवा वाऱ्याने कलला होता. आक्कांनी त्याच्यापुढे तळहात धरला.

फोन थरथरून थरथरून गप्प झाला.

विश्वंभरने दुसरं नाव शोधलं. एका हाताने, कारण दुसऱ्या मुठीत अक्षता होत्या.

"हॅलो," पलीकडून गजानन म्हणाला. आवाज कोरडा. "बोला सर. सही केली का, एवढंच सांगा."

"गजाननराव… आर्वी या घडीला आमच्या गावाच्या कुठल्या दिशेला येते?"

"काय?"

"मला तुम्हाला पहिल्या दिवसाचं सांगायचंय. जो रेकॉर्डिंगमध्ये नाही, त्या दिवसाचं. कोर्टातही सांगायचंय. त्या दिवशी मी…"

"ऐकू येत नाही, सर. केवढा गोंगाट आहे तुमच्या मागं! गिरणी हाय का काय तिथं? जरा शांत जागी जाऊन बोलता का?"

विश्वंभर उठला. सवयीनेच उठला. फोन कानाशी धरून दाराशी गेला आणि अक्षतांची मूठ टेकवून त्याने फळी ढकलली.

फळी सरकेना.

आक्कांनी बसल्या जागेवरून काठी लांब करून उंबऱ्यात आडवी घातली होती.

"लावू नकोस," त्या म्हणाल्या. "ओरडून सांग."